चोवीस ग्रॅम शिसं

आमच्या घरात खोटं बोललेलं एक वेळ चालायचं, खोटं मोजलेलं चालायचं नाही. आमचे हे काटेदुरुस्तीचा कारखाना चालवायचे. कारखाना कसला, दोन खोल्या. पुढच्या खोलीत हातोड्या, कानशी आणि शिसं वितळवायची शेगडी, मागच्या खोलीत काचेच्या कपाटात प्रमाण वजनं, ज्यांना उघड्या हाताने शिवायचं नाही. वाणी, सोनार, औषधवाले, सगळ्यांचे काटे आमच्याकडे यायचे आणि दुरुस्त होऊन, शिक्का मारून परत जायचे. शिक्का ज्याने मारला त्याने त्या काट्याबद्दल उत्तर द्यायचं, असा यांचा नियम होता. पस्तीस वर्षं मी यांच्या शेजारी बसून शिक्के मारले. हे गेले, माझ्या हाताला कंप सुटला, आणि शिक्का सुनेकडे गेला.

ही गोष्ट त्या सुनेची. माझीही आहे, पण माझा भाग सांगायची लाज वाटते, म्हणून तिच्यापासून सुरू करते.

लग्नाआधी ती एका प्रयोगशाळेत काम करायची. तिथले काटे इतके नाजूक की समोर कोणी शिंकलं तरी आकडा बदलायचा. आमच्या घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "आई, तुमचा घरातला काटा चार ग्रॅम कमी दाखवतो." मी म्हटलं, "मग तू चार ग्रॅम जास्त जेव." ती हसली, पण संध्याकाळपर्यंत काटा खोलून नीट करून ठेवला. माझ्या मुलाने तिचं नाव मिलिग्राम पाडलं. तेच पुढे मिली झालं, आणि आता तिच्या खऱ्या नावाने हाक मारली तर तीच मागे वळून बघते, कोणाला बोलावतायत म्हणून. कारखान्यात गिऱ्हाईक यायचं, "बाई, काटा बिघडलाय." मिली मान वर न करता म्हणायची, "काटा आपणहून बिघडत नाही. कोणीतरी बिघडवतं." गिऱ्हाईक चपापायचं. मला तेव्हा फार गंमत वाटायची.

मुलगा माझा लांबच्या गिरण्यांमध्ये ट्रकचे काटे दुरुस्त करायला जातो. महिन्यातले वीस दिवस घराबाहेर. बाळ झालं तेव्हा चार दिवस राहिला, बाळाच्या मुठी बघून त्याला पैलवान म्हणायला लागला आणि गेला. घरात उरलो आम्ही दोघी आणि दोन किलो नऊशेचा पैलवान.

मिलीने कारखान्यातून जुना, लहान मुलांचा दांडीचा काटा घरी आणला. एका बाजूला बाळाला निजवायचं पसरट पारडं, दुसऱ्या बाजूला आकडे कोरलेली लांब दांडी आणि दांडीवर सरकणारं एक वजन. दांडी सम झाली की सरकतं वजन ज्या आकड्यावर असेल ते बाळाचं वजन. तिने तो घासूनपुसून, सगळी प्रमाण वजनं ठेवून तपासला. मी विचारलं, "शिक्का नाही मारलास?"

"घरचा काटा आहे, आई. घरात कोण चोर आहे?"

मीही हसले.

पहिल्या आठवड्यात वजन उतरतं हे मला ठाऊक होतं, डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं होतं. दोन किलो सातशेवर आलं, इथपर्यंत ठीक. "आता चढायला लागेल. चढलं नाही तर मात्र थांबू नका, लगेच घेऊन या," असं त्या म्हणाल्या होत्या. अकराव्या दिवशी काट्याने दाखवलं दोन किलो सातशे दहा. चार दिवसांत दहा ग्रॅम.

मिलीच्या तोंडचं पाणी पळालं. ती पाजण्याआधी वजन करायला लागली, पाजल्यावर वजन करायला लागली. बाळाला पाजून झालं की दूध काढायचा पंप लावून बसायची. पंप आपला घर्र घर्र करत राहायचा आणि हिची नजर बाटलीच्या तळाशी खिळलेली. दोन चमचे दूध. कधी तेही नाही. मी म्हटलं, "अगं, असं टक लावून बघितलंस तर दूध बाहेर यायला घाबरेल." एरवी ती हसली असती.

"आई, मी त्याला उपाशी ठेवतेय."

"काहीतरी बोलू नकोस."

"काट्यावर दिसतंय ना. उद्या वाढलं नाही तर दवाखान्यात जाऊ."

ताटातलं जेवण तसंच राहिलं. दुपारी झोप म्हटलं तर डोळे उघडे ठेवून पडायची. मला माझे दिवस आठवले. माझा मुलगा झाला तेव्हा माझ्या सासूबाई दर वेळी दारात उभ्या राहून विचारायच्या, "पुरतंय का गं?" त्या प्रश्नाच्या धसक्यानेच माझं दूध तीन आठवड्यांत आटलं. निदान माझी तशी खात्री होती. वाटलं, दवाखान्यात गेलो की पावडरच्या दुधाचा डबा हातात देतील, आणि ही हाय खाईल. हिला फक्त एकदा आकडा चांगला दिसायला हवा. मग जेवेल, झोपेल, दूध येईल, बाळ वाढेल. खोटं आपोआप खरं होईल, मग कोणाला काय कळतंय!

त्या दुपारी ती अंघोळीला गेली असताना मी काटा उलटा केला.

काटेवाल्यांनाच माहीत असते अशी ही चोरी आहे. सरकत्या वजनाच्या पोटात एक खळगा असतो, त्यात शिसं भरलेलं असतं. ते थोडं खरवडलं की वजन हलकं होतं, मग दांडी सम करायला ते पुढे न्यावं लागतं आणि आकडा जास्त येतो. रिकाम्या काट्याचा नट जरासा फिरवला की तो शून्यावर अगदी शहाण्यासारखा उभा राहतो. खोटं बोलतो ते पारड्यात काही ठेवल्यावर. असे काटे पकडण्यात माझी हयात गेली. पात्याने मी खळग्याच्या कडा खरवडल्या. चिमूटभर शिसं निघालं. ते फेकवलं नाही, बटणांच्या डबीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी काट्याने दाखवलं दोन किलो सातशे साठ. मिलीने तीन वेळा वजन केलं. मग बाळाला छातीशी धरून ती इतकी रडली की माझ्याही डोळ्यांना धार लागली. त्या दिवशी ती दोन वेळा पोटभर जेवली आणि दुपारी चक्क घोरली. चार दिवसांत पंपाची बाटली अर्धी भरायला लागली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

खरं वजन मात्र मला माहीत होतं. यांच्या वेळचं एक पितळी किलोचं वजन घरात होतं, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावायचो. मिली आत गेली की मी ते काट्यावर ठेवायचे, किती जास्त दाखवतो ते बघायचे आणि हिशोब करायचे. त्या पहिल्या दिवशी खरं होतं दोन किलो सातशे वीस. वाढलं होतं, पण फक्त दहा ग्रॅमने. म्हटलं, दूध आता कुठे येतंय, वेळ द्यायला हवा.

आकडा चढलेला दिसल्यापासून मिली पाच-सहा दिवसांनी एकदाच वजन करायची. पुढच्या वजनाच्या दिवशी पुन्हा प्रश्न आला. काटा होता तसा ठेवला तर आकडा पुढे सरकणार नाही, आणि ही पुन्हा अन्न सोडणार. मी आणखी थोडं खरवडलं. मग आणखी. एकूण चार वेळा, सगळं शिसं त्याच डबीत. मिलीच्या वहीत बाळ चढत होतं, दोन आठशे साठ, दोन नऊशे साठ, तीन साठ. माझ्या डोक्यात ते रांगत होतं, दोन सातशे साठ, दोन आठशे, दोन आठशे वीस. दोन वजनं घेऊन मी घरात वावरत होते. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना मला तेच दिसायचं. अन्न गोड लागेना. आता झोप माझी उडाली होती आणि मिली मला म्हणत होती, "आई, तुम्ही खराब दिसताय, जरा पडा."

सांगून टाकावं असं रोज वाटायचं. रोज वाटायचं, उद्या वाढेल. आणि दर दिवसागणिक सांगणं आणखी अवघड होत जायचं. मी भित्री आहे हे मला साठाव्या वर्षी कळलं.

शिवाय पैलवान इतका शांत होता! रडणं नाही, त्रास नाही. अंगावर घेतला की पाच मिनिटं चोखायचा आणि झोपी जायचा. चोखताना टक टक असा आवाज करायचा, जीभ वाजवल्यासारखा. आम्ही दोघी कौतुकाने ऐकायचो. "मिटक्या मारतोय," मी म्हणायचे.

तेहतिसाव्या दिवशी मिली पहिल्यांदा अर्ध्या दिवसासाठी कारखान्यात गेली. शिक्क्यावाचून दहा काटे अडकले होते. दोन गल्ल्या पलीकडे तर जायचं, तरी दारातून तीनदा मागे वळली. तिने आदल्या दिवशी काढून ठेवलेलं दूध दोन बाटल्यांत होतं. वेळा लिहून ठेवल्या होत्या, दहा आणि बारा. साडेदहाला तिचा फोन आला. "आई, ओळखा किती! मागच्या खोलीत पंप घेऊन दार लावून बसले. एकशे दहा मिली! एका वेळेला!" तिचा आवाज फुलला होता. "माझ्यात दूध आहे, आई."

फोन ठेवला. दहाच्या बाटलीतलं दूध समोर जवळजवळ तसंच होतं. जे गेलं त्यातलं निम्मं तोंडाच्या कडेने लाळेऱ्यावर सांडलं होतं. हिच्यात दूध आहे. मग ते जातंय कुठे?

बारा वाजले. बाळ उठलं नाही. मी पाय चोळले, एरवी वैतागून पाय आखडायचं, आता नुसते डोळे किलकिले केले आणि मिटले. बाटली ओठांना लावली, दूध ओघळून मानेवर गेलं. लंगोट बघितला. सकाळी सहाला बदललेला, कोरडा होता. पुन्हा हात लावून बघितला. कोरडाच.

इतके दिवस मला वाटत होतं की मी पकडली जाण्याला घाबरतेय. त्या कोरड्या लंगोटाला हात लावल्यावर खरी भीती कशाला म्हणतात ते कळलं. मी बाळाला दुपट्यात गुंडाळलं, का कोण जाणे, ती बटणांची डबीही उचलली, आणि चपला न घालता निघाले. दोन गल्ल्या. कोपऱ्यावरचा शिंपी काहीतरी विचारत होता. मी बाळाच्या नाकाजवळ गाल नेत होते, श्वास लागतोय ना बघत होते, आणि पळत होते. आयुष्यात इतकी लांब मी कधी चालले नाही.

मिली मागच्या खोलीत दुधाची बाटली पुसत होती. मला बघून उठली. "काय झालं?"

"वजन खोटं आहे."

"कुठलं वजन?"

"बाळाचं. मी शिसं खरवडलं. तू जेवत नव्हतीस म्हणून. खरं दोन आठशे वीस आहे, आणि ते उठत नाहीये गं, मिली, उठतच नाहीये."

मी डबी पुढे केली. तिने ती घेतली नाही. बाळाला घेतलं, कपडे काढले आणि कारखान्याच्या मोठ्या काट्यावर ठेवलं. त्या काट्यावर तिचा स्वतःचा शिक्का होता. दोन किलो आठशे. दांडी स्थिर होईपर्यंत ती थांबली. अशा वेळीही थांबली. मग बाळाला उचललं, बाटली पिशवीत टाकली आणि म्हणाली, "चला."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या टाचेतून रक्त काढलं तेव्हा ते कुठे रडलं, तेही मांजराच्या पिल्लासारखं. साखर उतरली होती. त्यांनी ड्रॉपरने मिलीचंच दूध थेंब थेंब घशाकडे सोडायला लावलं. मग तोंडात बोट घालून जीभ वर उचलायचा प्रयत्न केला. जीभ उचललीच जात नव्हती. खाली एक पातळ पडदा ताणलेला होता.

"जीभ खाली बांधलेली आहे याची. दूध ओढता येत नाही, दमतो आणि झोपतो. चोखताना टक टक आवाज येत होता का?"

"येत होता," मी म्हणाले.

"पडदा कापायचं काम दोन मिनिटांचं. हे तीन आठवड्यांपूर्वीच व्हायला हवं होतं. घरी वजन बघत नव्हता का तुम्ही?"

खोलीत पंखा फिरत होता. मिली बाळाच्या ओठांवर ड्रॉपर धरून उभी होती.

"बघत होतो," ती म्हणाली. "काटा बिघडला होता."

मला रडूही आलं नाही. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाळाला तीन दिवस दवाखान्यात ठेवलं. मी बाहेरच्या बाकावर. दर वेळी दार उघडलं की मी उभी राहायचे. पडदा कापल्यावर पहिल्यांदा ते अंगावर लागलं तेव्हा टक टक आवाज आला नाही, गटक गटक आला, आणि मिलीने दाराच्या फटीतून माझ्याकडे एकदा बघितलं. तेवढंच. घरी आल्यावर ती कामापुरतं बोलायची, "पाणी ठेवा", "दार लावा". कारखान्यात जाताना बाळाला बरोबर न्यायची. काट्यांच्या खोक्यात दुपटं अंथरून निजवायची, पण माझ्याकडे ठेवायची नाही. दोन बाटल्या मी रोज उकळून ठेवायचे, त्या तशाच राहायच्या. एकदाच म्हणाली, तीही भांडी विसळता विसळता, "तीन आठवडे, आई. मी त्याच्या वजनावर खूश होऊन झोपत होते."

आठव्या दिवशी तिने मला कारखान्यात बोलावलं. टेबलावर घरातला काटा होता. तिने बटणांची डबी मागितली. आतलं शिसं बारीक काट्यावर ओतलं, चोवीस ग्रॅम भरलं. शेगडीवर वितळवलं, सरकत्या वजनाच्या पोटात परत ओतलं, थंड झाल्यावर कानस मारली. मग एकेक प्रमाण वजन ठेवून तपासलं. एक किलो, बरोबर एक किलो. तीन किलो, बरोबर तीन. मग शिक्का आणि हातोडी माझ्यापुढे ठेवली.

"तुम्ही मारा."

"माझा हात कापतो, मिली."

"कापू दे."

यांचा नियम तिला ठाऊक होता. मी शिक्का त्या मऊ शिशावर धरला आणि हातोडी घातली. ठसा थोडा तिरका उठला. तिने भिंग लावून बघितला, मान हलवली आणि बाळाला पारड्यात ठेवलं. तीन किलो दहा. दांडी स्थिर झाल्यावर ती बाजूला झाली आणि म्हणाली, "तुम्ही वाचा." मी आकडा वाचला. तिने वहीत लिहिला. जुनी तीन आठवड्यांची पानं तिने फाडली नव्हती, त्यांवर आडवी रेघ मारली होती.

दुसऱ्या दिवशी ती कामाला निघताना दोन बाटल्या ओट्यावर होत्या, भरलेल्या, वेळा लिहिलेल्या. बाळ पाळण्यात होतं. मी त्या बाटल्यांकडे बघत किती वेळ उभी राहिले कोण जाणे.

आता पैलवान पाच किलोच्या पुढे गेला आहे. तरी तो शांत झोपला की माझ्या हातातलं काम सुटतं. मी उगाच पायाला गुदगुल्या करते, तो चिडून रडतो, तेव्हा मला बरं वाटतं.

मागच्या महिन्यात मुलगा घरी आला होता. बाळाचं वजन करायला बसला आणि काटा उलटासुलटा करून हसायला लागला. "मिली, घरच्या काट्याला शिक्का? घरात कोण चोर आहे?"

माझ्या हातात त्याचं ताट होतं. ते वाजू नये म्हणून मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मिली बाळाचे कपडे काढत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"आईंनी मारलाय," ती म्हणाली. "आकडाही त्याच वाचतात. तू सरक."